आर्तिका एकटी निघाली

वाइनिकोरोच्या बिसुन दत्तची धाकटी मुलगी आर्तिका राजधानीतलं, सुवाचं शिक्षण संपवून घरी आली, ती पाठीवर एक भलीमोठी हिरवी सॅक घेऊन. ऊसतोडणीचे दिवस होते. बाप तोडणीवाल्यांबरोबर शेतात आणि आई सुभागवती त्यांच्या जेवणाच्या गडबडीत. चार वर्षांचं सामान पोरीनं एकाच गाठोड्यात कोंबून आणलं असं समजून सुभागवतीनं कौतुकानं सॅक उघडली, तर आत फक्त एक उशी. कपडे आणि पुस्तकं मागून बोटीनं येणार होती.

"उशी आणायला एवढं पोतं?" आईनं विचारलं.

"ते भरायचंय, माई," आर्तिका म्हणाली आणि अंघोळीला निघून गेली.

सुवाला असताना ती शनिवार-रविवार एका स्वस्तातल्या लॉजवर काउंटर सांभाळायची. तिथं जगभरातली पोरंपोरी यायची, पाठीवर घर घेतल्यासारखी. विशी न ओलांडलेल्या मुली एकट्याच यायच्या. ओल्या चपलांनी काउंटरशी उभ्या राहून विचारायच्या, इथं काय बघू? आणि आर्तिका त्यांना सांगायची, तावेउनीला जा. सावुसावुहून सकाळची बस धर, मग होडी, मग पलीकडची बस थेट लावेनापर्यंत. तिथून समुद्राच्या काठाकाठानं पायवाट आहे, शेवटी धबधबा. हे सगळं तिनं भिंतीवर चिकटवलेल्या माहितीपत्रकातून पाठ केलं होतं. एकदा एक आयरिश मुलगी दहा दिवसांनी उन्हानं लाल होऊन परत आली, काउंटरवरून वाकून तिनं आर्तिकाला मिठीच मारली आणि विचारलं, तुला त्यातलं सगळ्यात काय आवडलं? आर्तिका म्हणाली, धबधबा. मुलगी खूश होऊन वर गेली. आर्तिका मात्र दिवसभर अस्वस्थ होती. तावेउनी तिच्या घरापासून दोन दिवसांच्या वाटेवर, आणि तिनं ते बेट लांबूनसुद्धा पाहिलेलं नव्हतं. लंबासा, सुवा आणि बहिणीचं सासर नाउसोरी, एवढाच तिचा देश. ती हिरवी सॅकही त्याच लॉजवरची. कुणीतरी विसरून गेलेली, वर्षभर जिन्याखाली पडून होती. नोकरी सोडताना मालकिणीनं तिला ती देऊन टाकली.

ऑगस्टपासून लंबासाच्या शाळेत भूगोल शिकवायची नोकरी ठरली होती. मधला जुलै मोकळा. तिनं जेवताना जाहीर केलं, मी तावेउनीला जाणार.

कुणाबरोबर, असं आईनं विचारलं. कुणाबरोबरच नाही, असं ती म्हणाली. मग तिथं आपलं कोण आहे, असं आईनं विचारलं. कुणीच नाही, असं ती म्हणाली. सुभागवतीनं पोळी तव्यावर तशीच ठेवली आणि ती करपली. आमच्याकडे माणूस प्रवासाला निघतं ते लग्नाला, मयताला, नाहीतर दवाखान्यात. नुसतंच निघायचं आणि तेही एकटीनं, हे सुभागवतीच्या डोक्यात शिरेना. दुसऱ्या दिवशी तिनं नणंदेला बोलावून घेतलं.

राजवंती फुआ म्हणजे बिसुनची थोरली बहीण. घरातल्या कुठल्याही गुंत्यात पहिला हात तिचा. ती आली, चहा घेतला, आर्तिकाला घेऊन आंब्याखाली बसली आणि आडपडदा न ठेवता म्हणाली, "मुलगा कोण?"

"कुठला मुलगा?"

"ज्याच्यासाठी चाललीयस तो."

"कुणी नाही, फुआ. असता तर एकटी कशाला गेले असते?"

फुआ उठली. आत येऊन ती भावजयीला म्हणाली, मुलगा असता तर बरं झालं असतं, त्याच्या घरच्यांशी बोलता तरी आलं असतं. हे काहीतरी भलतंच आहे.

बिसुन दत्त हा मुळात कमी बोलणारा. आठवडाभर त्यानं दोन्ही बाजू ऐकल्या. मग एका संध्याकाळी, ट्रक ऊस भरून मिलकडे गेल्यावर, हातपाय धुऊन तो ओसरीवर टेकला आणि मुलीला म्हणाला, "परत येशील ना?"

आर्तिकाला आधी हसू आलं, मग आलं नाही. त्यांच्या रस्त्यावरच्या निम्म्या घरांतली मुलं सिडनीत नाहीतर ऑकलंडमध्ये होती. निरोप द्यायला सगळा रस्ता विमानतळावर जायचा आणि परत येताना बसमध्ये कुणी बोलायचं नाही.

"पापा, मी समुद्राच्या त्या बाजूला चाललेय. आठवड्यात येते."

"मग जा," बिसुन म्हणाला.

एवढं झाल्यावर सुभागवतीनं विरोध सोडला आणि सॅक भरायला घेतली. आर्तिकानं आपली यादी केव्हाच मनात केली होती. दोन जोड कपडे, टॉर्च, पावसाचा पातळ कोट, बस. आईनं त्यावर रोट्यांची चळत रचली, आंब्याच्या लोणच्याची बरणी, डब्यातली मासळी, भाजलेले वाटाणे, एक गोधडी आणि विक्स. आर्तिका रात्री गोधडी काढून ठेवायची, सकाळी ती परत आत असायची. शेवटी बापानं ऊस तोडायचा कोयता आणून दिला, तो मात्र तिनं हात जोडून परत केला. मग त्यानं कागदात बांधलेली यंगोनाची, म्हणजे कुटून पाण्यात कालवून प्यायच्या मुळ्यांची जुडी आणली. लंबासाच्या बाजारातून मुद्दाम जाड मुळ्या निवडल्या होत्या. म्हणाला, कुणाच्या गावात शिरायचं तर मोकळ्या हातानं शिरायचं नाही. ती जुडी तिनं सगळ्यात वर ठेवली.

निघायच्या दिवशी लंबासाच्या स्टँडवर सावुसावुची बस लागली होती. ड्रायव्हर मुनीफनं लांबून सॅक पाहिली आणि इंग्रजीत मोठ्या अदबीनं म्हणाला, गुड मॉर्निंग मॅडम. सॅकच्या खालून चेहरा दिसल्यावर त्याचा सूर बदलला.

"अगं, तू बिसुनची ना? कुणाशी भांडून निघालीस?"

"कुणाशी नाही, मुनीफमामा. फिरायला चाललेय."

"बरोबर कोण?"

"कुणी नाही."

मुनीफनं तिकीट दिलं, पण डोंगराच्या चढावर गाडी लागेपर्यंत आरशातून तो तिच्याकडे बघत राहिला. त्यानं शेजारच्या सीटवरच्या बाईला खुणावलं असावं, कारण बाईनं लगेच चौकशी सुरू केली. नवऱ्याशी पटत नाही का? लग्नच नाही? मग सासरचा त्रास नाही, मग काय त्रास आहे? त्रास काहीच नाही म्हटल्यावर बाई हिरमुसली. मग तिनं पपनस सोलून अर्धं आर्तिकाला दिलं आणि नाती काढायला सुरुवात केली. सावुसावु येईपर्यंत असं निघालं की बाईच्या जावेची बहीण राजवंती फुआच्या दिराला दिलेली आहे. उतरताना बाईनं तिला पोटाशी धरलं. म्हणाली, आता माझी काळजी मिटली, तू आपलीच निघालीस.

सावुसावुच्या लॉजवर काउंटरवरच्या मुलीनं पासपोर्ट मागितला. आर्तिका म्हणाली, मी वाइनिकोरोची आहे. मुलगी म्हणाली, मग इथं कशाला राहतेस, तुझं कुणीच नाही का सावुसावुत? आर्तिकानं स्वतः हजार वेळा अशाच काउंटरच्या आतून ऐकलेली वाक्यं तिला एकेक करून ऐकवली. खोली हवी, एकीसाठी, एक रात्र, सकाळचा चहा धरून. मुलीनं किल्ली दिली. संध्याकाळी किनाऱ्यावर जमिनीतून वाफा निघत होत्या, बायका त्या उकळत्या झऱ्यात कसाव्याच्या कंदांची भांडी ठेवून गप्पा मारत होत्या. आर्तिका एका दगडावर बसली, आणि आता एकटेपण सुरू होतंय असं तिला वाटतंय न वाटतंय तोच एकीनं पानावर गरम कसावा आणून तिच्या मांडीवर ठेवला.

खरी गंमत दुसऱ्या दिवशी होडीत झाली. सामुद्रधुनीत त्या दिवशी वारा उलटा होता. होडी उभी राहायची आणि धपकन बसायची. अर्ध्या वाटेत आर्तिकाला अशी मळमळ सुटली की फिरायला जाणं, धबधबा, जग बघणं, सगळ्यावरून मन उडालं. समोर एक धिप्पाड बाई मांडीवर कोंबडी घेऊन बसली होती. तिनं कोंबडी शेजाऱ्याकडे दिली, उठली, आर्तिकाच्या कपाळाला भरभक्कम तळवा लावला आणि तिचं डोकं होडीच्या काठाबाहेर नेमकं धरलं. दोनदा धरलं, तिसऱ्यांदाही. मग ओल्या पदरानं तोंड पुसावं तसं तिनं आपल्या कमरेच्या सुलूच्या, लुंगीसारख्या वस्त्राच्या टोकानं तिचं तोंड पुसलं.

तिचं नाव लोसालिनी, लावेना गावची, मूळच्या बेटकरी लोकांतली. तरुणपणी लंबासाच्या मिलजवळ राहिलेली, त्यामुळे हिंदी आमच्यासारखीच बोलायची, वर शिव्याही आमच्याच.

"एकटीच?" तिनं विचारलं.

"हो."

"घरचे सगळे मेले?"

"नाही, नाउ," आर्तिका म्हणाली. नाउ म्हणजे त्यांच्यात आई. "सगळे आहेत. बरे आहेत."

"मग त्यांना सांगून आलीस?"

धक्क्यावर उतरून बसची वाट बघताना आर्तिकानं ठरल्याप्रमाणे घरी फोन लावला. पोचले, एवढं बोलते न बोलते तोच लोसालिनीनं फोन तिच्या हातातून काढून घेतला. पलीकडे सुभागवती होती. दोघींनी एकमेकींना कधी पाहिलेलं नव्हतं, पण बसपर्यंतचा सगळा वेळ त्या बोलत होत्या. आर्तिकाला फक्त इकडची बाजू ऐकू येत होती.

"हो, ओकली. भरपूर ओकली. आता बरी आहे... बारीक आहे हो, मी पण तेच म्हटलं... नाही, मला पण सांगत नाही का आली ते... अगं बहिणी, आजकालच्या मुली. माझी सुवाला आहे, ती तर फोनच उचलत नाही... लॉज कसला? माझं घर असताना?"

फोन परत हातात आला तेव्हा आर्तिकाचं बेटावरचं राहणं, खाणं आणि परतायचा दिवस, सगळं दोन आयांनी ठरवून टाकलं होतं.

लावेना म्हणजे रस्त्याचं शेवटचं टोक. तिथं बस वळते आणि परत जाते. लोसालिनीचा नवरा सेमिसी कोंबडीची वाट बघत उभा होता, त्याला कोंबडी आणि मुलगी दोन्ही मिळाल्या. त्याचं पहिलं वाक्य होतं की हिला गावात आणलीस खरी, पण रिकाम्या हातानं थोरल्यांपुढे कशी नेऊ? आर्तिकानं सॅकचं तोंड उघडून जुडी काढली. सेमिसीनं मुळ्या हातात तोलल्या, वास घेतला आणि त्याच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. म्हणाला, तुझ्या बापाला माणसं कळतात.

संध्याकाळी चटईवर बसून सेमिसीनं तिच्या वतीनं ती जुडी गावच्या म्हाताऱ्यांपुढे ठेवली आणि त्यांच्या भाषेत लांबलचक बोलला. मधे बिसुन दत्तचं नाव आलं, वाइनिकोरोचं आलं, समुद्रात ओकल्याचंही आलं असावं, कारण सगळे तिच्याकडे बघून हसले. मग टाळ्या वाजल्या आणि ती गावची झाली. एका म्हाताऱ्यानं नारळाच्या करवंटीतला यंगोना तिच्या पुढे करत म्हटलं, पी, लंबासाच्या उन्हात तुम्ही लोक वाळून या मुळ्यांसारखे होता, जरा भिजा. तिनं टाळी वाजवून एका दमात करवंटी रिकामी केली. जीभ बधिर झाली. बऱ्याच वेळानं तिच्या लक्षात आलं की आपल्याला कुणी काही विचारत नाहीये, आणि आपल्यालाही काही सांगायची घाई नाहीये.

सकाळी धबधब्याकडे जायचं म्हणून ती बुटाच्या नाड्या बांधत होती. लोसालिनीनं नणंदेला हाक मारली, हिच्याबरोबर जा म्हणून. आर्तिका म्हणाली, मला एकटीला जायचंय. लोसालिनी चुलीपाशी बसली होती, ती उठून बाहेर आली.

"आमचं काही चुकलं?"

"नाही हो नाउ, काहीच नाही."

"मग वाटेत बोलणार कुणाशी?"

"कुणाशीच नाही. मला एक दिवस कुणाशी न बोलता बघायचंय."

लोसालिनीनं यावर खरोखर विचार केला. तिला ते पटलं नव्हतं, पण पोरगी खोटं बोलत नाही हे कळलं. मग ती म्हणाली, "बरं. पण जेवायला परत ये. आज अळूची पानं नारळाच्या दुधात करतेय. गार झाली तर मला राग येईल." आणि आत जाताना पुटपुटली, तोंड दुखत असेल बिचारीचं.

अशी आर्तिका एकदाची एकटी निघाली.

वाट समुद्राला धरून होती. एका हाताला काळी वाळू, दुसऱ्या हाताला रान. पहिला मैलभर तिच्या डोक्यात माणसंच बोलत होती. फुआ, मुनीफमामा, पपनसवाली. मग हळूहळू एकेक जण गप्प झाला. एका ओढ्यावर झुलता पूल होता, मधोमध उभी राहून ती मुद्दाम तो हलवत राहिली, कारण थांब म्हणणारं कुणी नव्हतं. किनाऱ्यावरच्या एका खडकाचा बुंधा लाटांनी असा कोरला होता की तो आता पडेल, मग पडेल असं वाटे. पुढच्या महिन्यात वर्गात फळ्यावर काढायला किती छान, असं तिच्या मनात आलं आणि तिनं स्वतःला दटावलं, आज शाळा नाही. भूक लागली तेव्हा तिनं आईची रोटी लोणच्याबरोबर खाल्ली. दोन दिवसांची शिळी, पण इतकी गोड रोटी तिनं कधी खाल्ली नव्हती. खाता खाता ती गाणं म्हणू लागली, बेसूर, मोठ्यानं, आणि एका बगळ्याखेरीज कुणाला त्रास झाला नाही.

शेवटी वाट नदीत शिरली. धबधबा कपारीच्या आत होता, दोन उंच दगडी भिंतींमधून पोहत जावं लागे. सुवाच्या भिंतीवरच्या माहितीपत्रकात हे लिहिलेलं होतं आणि हे वाक्य तिनं किती जणींना सांगितलं होतं, थोडंसं पोहावं लागतं, सोपं आहे. ते सोपं नव्हतं. पाणी बर्फासारखं होतं, आत अंधारलेलं, आणि पाण्याचा आवाज दोन्ही भिंतींत घुमत होता. ती दोनदा आत गेली आणि दोनदा परत आली. तिसऱ्यांदा गेली ती थेट. कपार उघडली आणि दोन बाजूंनी दोन धबधबे एकाच डोहात कोसळताना दिसले. ती पाण्यात पाय मारत तरंगत राहिली. तुषारांनी डोळे उघडे ठेवता येत नव्हते. रडू येत होतं की हसू, ते इतक्या पाण्यात तिचं तिलाही कळलं नाही. तिला एवढंच वाटलं की आता कुणी विचारलं, सगळ्यात काय आवडलं, तर मी धबधबा म्हणेन आणि ते खरं असेल.

परत येऊन ती खडकावर केस पिळत होती, तर नदीच्या त्या काठाला कुणीतरी बसलेलं. निळी सॅक, गुडघे पोटाशी, पिवळे केस. एक परदेशी मुलगी होती, कपारीकडे बघत होती आणि दात वाजवत होती. आर्तिका पाण्यातून तिच्याकडे गेली, समोर उभी राहिली, आणि तिच्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, "एकटीच?"

मुलगी म्हणाली, हो.

"बरोबर कुणीच नाही? घरी माहितीये? काही खाल्लंस का?"

बोलून झालं आणि आर्तिकाला स्वतःचाच आवाज ऐकू आला. तो हुबेहूब पपनसवालीचा होता. ती खाली बसली आणि इतकी हसली की ती मुलगी घाबरली. मग आर्तिकानं तिला सगळं सांगितलं, बसपासून होडीपर्यंत, आणि तीही हसायला लागली. माइके तिचं नाव, हॉलंडची. ती दोनदा कपारीत शिरून परत फिरली होती आणि आता नाद सोडून निघणार होती. आर्तिका म्हणाली, तिसऱ्यांदा जमतं. ती पुढे पोहत गेली, माइके मागून. डोहात पोचल्यावर माइके किंचाळली ती आनंदानं.

परतीच्या वाटेवर माइके म्हणाली की आज संध्याकाळी ती कुठेतरी शांत बसून एकटी वाचणार आहे. आर्तिकानं मान डोलावली आणि तिला थेट लोसालिनीच्या चुलीपाशी नेऊन उभी केली. अळूची पानं गार झाली होती. लोसालिनीनं राग गिळला, दोघींकडे बघितलं, म्हणाली, "एकटी गेलीस आणि दोघी आलात. उद्या जाऊ नकोस, माझ्याकडे ताटं कमी आहेत." माइकेचं पुस्तक त्या संध्याकाळी सॅकमध्येच राहिलं. तिला दोनदा वाढलं, मग तिसऱ्यांदा, आणि तिच्या आईलाही फोन लावायचा लोसालिनीचा विचार होता, तो हॉलंडमध्ये सकाळची कामाची वेळ असल्यानं टळला.

आर्तिका आणखी तीन दिवस राहिली. रोज सकाळी ती एकटी बाहेर पडायची, कधी समुद्राकडे, कधी रानातून वर, आणि गावानं त्याला तिची खोड म्हणून मान्यता दिली. कुणी हाक मारली की दुसरं कुणी सांगायचं, राहू दे तिला, ती गप्प बसायला चाललीय. दुपारी परत आली की मात्र सगळा गप्पपणा एकदम भरून निघायचा. परतताना होडी शांत होती. सावुसावुहून मुनीफचीच बस मिळाली. या वेळी त्यानं तिला पुढच्या सीटवर बसवलं आणि सगळ्या बसला ऐकू जाईल असं विचारलं, काय काय बघितलंस? ती लंबासापर्यंत सांगत होती. मुनीफ जन्मभर त्या रस्त्यावर गाडी हाकत होता, समुद्र ओलांडून तो कधी गेला नव्हता.

बाप स्टँडवर आला होता. त्यानं सॅक स्वतःच्या पाठीवर घेतली आणि काही न बोलता पुढे चालायला लागला. पण घरी येईपर्यंत वाटेत भेटलेल्या प्रत्येकाला तो थांबून सांगत होता, आली बरं का, तावेउनीहून.

आर्तिका शाळेत लागली. नोव्हेंबरात, तोडणी संपत आली असताना, एका दुपारी अंगणात टेंपो येऊन थांबला. आधी लोसालिनी उतरली, मग सेमिसी, मग नणंद, नणंदेचा नवरा, दोन म्हाताऱ्या आणि कुणाकुणाच्या सुना. सेमिसीच्या पुतण्याचं लंबासात लग्न होतं, आणि लंबासात आपलं घर असताना दुसरीकडे का उतरायचं, असा त्यांचा सरळ हिशोब होता. बरोबर अळूच्या कंदांची पोती, चटया आणि एक जिवंत डुक्कर, ते सुभागवतीनं शेजारच्या रुसियातेच्या अंगणात बांधायला लावलं. सुभागवती आणि लोसालिनीनं एकमेकींना पहिल्यांदा पाहिलं, क्षणभर निरखलं, आणि फोनवर जिथं बोलणं थांबलं होतं तिथूनच पुढे सुरू केलं. राजवंती फुआला निरोप जायच्या आत फुआ हजर झाली. पीठ मळायला तीन बायका बसल्या. बिसुन दत्त आणि सेमिसी ओसरीवर यंगोनाच्या पातेल्याशी बसले. दोघंही कमी बोलणारे, त्यामुळे त्यांचं फार छान जमलं.

चार दिवसांनी पाहुणे गेले. घर एकदम रिकामं वाटायला लागलं. सुभागवती चटया झटकत होती, आर्तिका भांडी लावत होती.

"माई, पुढच्या जुलैत मी कंदावू बेटावर जाईन म्हणते," ती म्हणाली. "एकटीच."

सुभागवतीनं चटई खाली ठेवली. "जा. पण एकटीच जा हो. एकटी गेलीस तर घरी एवढी माणसं आली. चौघी गेला असतात तर मला चूल अंगणात हलवावी लागली असती."